व्हिडिओ खरा, बातमी खोटी

आजचा भाग छोटा आहे, पण फॉरवर्ड करण्याआधी ऐकाच.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. ते होते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे. टोळी नव्हतीच. होती फक्त मोबाईलवर फिरलेली अफवा.

त्याच काळात देशभर एक व्हिडिओ फिरत होता. बाईकवरचे दोघं रस्त्यावरून मूल उचलून पसार होतात. व्हिडिओ एडिट केलाय का? हो, पण आत काही घुसवलेलं नव्हतं, फक्त शेवट कापलेला. मुळात ती कराचीतली जनजागृतीची फिल्म. तिच्यात दोघं मूल परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून मित्र विचारतात, "व्हॉट्सॲप हे पकडत का नाही?" अरे, मेसेज एन्क्रिप्टेड असतो, कंपनीला तो वाचताच येत नाही. दुहेरी बाणाचा अर्थ एवढाच, की मेसेज पाच किंवा जास्त हातांतून आलाय. तो खरा आहे की खोटा, हे बाण सांगत नाही.

मग काय करायचं? व्हिडिओ थांबवा, स्क्रीनशॉट काढा, गूगल लेन्समध्ये टाका. सगळ्यात जुनी पोस्ट शोधा. कुठला, कधीचा, आधी-नंतर काय घडलं, हे बघा. आणि गावात कुणाचा संशय आलाच, तर ग्रुपवर नाही, ११२ वर फोन करा.

भेटूया पुढच्या भागात!