दहा दिवस सुट्टी, तीही सक्तीची!

एसीची गार हवा, दहा ते पाचची नोकरी, महिन्यातून दोन शनिवार हक्काचे मोकळे. बँकेतल्या मित्राचा हेवा वाटतो ना? मग त्याला एकदा विचाराच, काल घरी किती वाजता पोचलास?

जुलै 2025 मध्ये बारामतीत एका सरकारी बँकेच्या शाखाप्रमुखांनी आत्महत्या केली. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज त्यांनी आधीच दिला होता आणि चिठ्ठीत कामाच्या ताणाचा उल्लेख होता. अशा घटनेमागे एकच कारण क्वचितच असतं, हे खरं. पण ती बातमी वाचल्यापासून मी काउंटरपलीकडच्या माणसाकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले.

बारामती-इंदापूर म्हणजे उसाचा पट्टा. उसाची बिलं जमा झाली की शाखेत गर्दी, खरिपाआधी पीककर्जाची गर्दी, मार्च एंडला वसुली. त्यात 2014 मध्ये जनधन आलं, 2015 मध्ये मुद्रा कर्ज, 2016 मध्ये नोटाबंदी, 2024 मध्ये लाडकी बहीण. दर वेळी रांग लागली ती याच काउंटरपुढे. वर विमा पॉलिसी विकायचं टार्गेट आहेच! रांगेतल्या काकांना वाटतं, साहेब मुद्दाम वेळ लावतात. आणि साहेबांना वरून फोन येतो, आजचा आकडा किती?

जास्त तास बसलं की जास्त काम होतं, हा आपला लाडका गैरसमज. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये सांगितलं, की आठवड्याला 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका 35 ते 40 तासवाल्यांपेक्षा 35 टक्क्यांनी जास्त असतो. नैराश्य आणि चिंतेपायी जगात दर वर्षी कामाचे सुमारे 1200 कोटी दिवस वाया जातात, असा या दोन संस्थांचा 2022 चा अंदाज. म्हणजे तोटा कंपनीचाही!

गंमत म्हणजे उपाय बँकांच्या नियमातच आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या सूचनेनुसार संवेदनशील पदावरच्या माणसाला वर्षातून एकदा, आधी न कळवता, सलग किमान 10 कामकाजाचे दिवस सक्तीनं सुट्टीवर पाठवायचं असतं. ऑफिसचा ईमेल सोडला तर त्या दिवसांत कामाला हातही लावायचा नाही. का? घोटाळा असेल तर उघडा पडावा म्हणून!

थोडक्यात, साहेबांशिवाय शाखा दहा दिवस चालू शकते, हे सगळ्यांना मान्य आहे. मग पैशाच्या सुरक्षेसाठी जे जमतं, ते माणसाच्या तब्येतीसाठी का जमू नये? सुट्टीचा अर्ज पुढे सरकवताना बॉसमंडळींनी एवढा विचार करावा.

आणि तुम्ही? झोप उडाली असेल, सोमवार नकोसा होत असेल, तर गप्प बसू नका. टेली-मानसचा 14416 हा मोफत नंबर चोवीस तास सुरू असतो, मराठीतही बोलता येतं. आत्ताच सेव्ह करा. आणि बँकेतल्या त्या मित्रालाही पाठवा.