घरातलं बिटकॉइन मायनिंग यंत्र निवडताना

दुकानदार वेग सांगतो. आपण विचारायचं ते एका टेराहॅशमागे, म्हणजे एक लाख कोटी हॅश-गणनांमागे, किती ज्यूल वीज लागते. 2016 मध्ये आलेलं अँटमायनर एस9 सुमारे 98 ज्यूल खातं, तर त्याच मालिकेतलं नवं एस21 साडेसतरा. त्यामुळे जुनं यंत्र फुकट मिळालं तरी महागच. पण एस21ची भूक 3500 वॅट, म्हणजे दिवसाला 84 युनिट! वर 75 डेसिबलच्या आसपासची अखंड घरघर आणि हीटरसारखी धग. फ्लॅटमध्ये हे चालायचं नाही.

तळहाताएवढं बिटॅक्स हे छोटं यंत्र 15-20 वॅटवर भागवतं. वेग मात्र सेकंदाला साधारण एक टेराहॅश. त्यावर एकट्याने ब्लॉक शोधून 3.125 बिटकॉइनचं बक्षीस लागणं ही निव्वळ लॉटरी. शिकायला मात्र झकास. आणि कमाई झालीच, तर भारतात नाणी विकून झालेल्या नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि त्यातून वीजबिल वजा होत नाही.