रॅमचा भाव आणि दोन स्टिकांचा हिशेब

मायक्रॉन कंपनीने ३ डिसेंबर २०२५ रोजी ‘क्रुशल’ या नावाची आपली किरकोळ विक्री बंद करण्याचा निर्णय जाहीर केला, आणि रॅमच्या भावांनी घेतलेल्या उसळीचे वर्तमान वाचकांच्या कानी आलेच आहे. परंतु नागपूर-हैदराबाद महामार्गावरील पांढरकवड्यात, कापूस विकून हाती आलेल्या रकमेतून मुलाला गेम खेळण्याजोगा संगणक जुळवून देऊ पाहणाऱ्या घरात, त्या वर्तमानाचा अर्थ अंदाजपत्रक कोलमडणे एवढाच होतो. पांढरकवड्याच्या ज्या केळापूर तालुक्याने आपल्या मालाचा भाव पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याने ठरवलेला पाहिला, त्याला या बाजाराची रीत समजावून सांगण्यास फारसे श्रम पडू नयेत.

कापसाचे विकणारे निदान असंख्य असतात. येथे मात्र सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांच्याच हाती जगातील बहुतांश उत्पादन एकवटलेले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना लागणारी एचबीएम ही थरांवर थर रचलेली मेमरी बनवताना तेवढ्याच क्षमतेच्या साध्या रॅमच्या मानाने सुमारे तिप्पट सिलिकॉन खर्ची पडते, आणि तिला दामही चोख मिळतो. तेव्हा कारखानदार कोणीकडे वळेल हे सांगण्यास ज्योतिषी नको. तथापि ‘मागणी वाढली’ ही सबब ऐकताना मला या मंडळींचे जुने दप्तर आठवल्यावाचून राहत नाही: १९९९ ते २००२ या काळात संगनमताने भाव ठरवल्याबद्दल अमेरिकेच्या न्याय खात्याने कारवाई केली, तीत सॅमसंगने २००५ साली गुन्हा कबूल करून ३० कोटी डॉलरचा दंड पत्करला, हायनिक्सच्या वाट्याला साडेअठरा कोटींचा आला, आणि मायक्रॉन तपासास साहाय्य केल्यामुळे दंडातून सुटली. आज तसेच घडत आहे असे म्हणण्यास पुरावा नाही. परंतु अशी नोंद दप्तरी असलेल्यांची कैफियत वाचताना चष्मा जरा पुसून घेतलेला बरा. गुजरातेत साणंदला मायक्रॉनचा कारखाना आहे खरा, पण तेथे चिपांची जोडणी आणि चाचणी होते, चिप मुळातून घडवली जात नाही. म्हणून शेजारधर्माने आपला भाव उतरेल ही आशा व्यर्थ होय.

मग थोड्या पैशांत घ्यावे काय? ८ जीबीवर ‘व्हॅलोरंट’ सुखाने चालेल, कारण त्याची किमान मागणी ४ जीबीचीच आहे. परंतु ‘सायबरपंक २०७७’ आता किमान १२ जीबी मागतो, आणि विंडोज स्वतःचा वाटा आधी काढून घेते तो निराळाच. म्हणून १६ जीबी, त्याहून कमी नाही. आणि ती एका १६ जीबीच्या स्टिकची नव्हे, तर आठ-आठच्या दोन स्टिकांची. या मुद्द्यावर मी हट्टी आहे, हे कबूल. ज्याच्यापाशी ग्राफिक्स कार्डाचे पैसे नाहीत तो सामान्यतः रायझन ५ ५६००जी यासारखा, पोटातच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घेतो. त्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ती रॅममधूनच उसनी घ्यावी लागते, आणि ३२०० वेगाची एकच स्टिक सेकंदाला २५.६ जीबीहून अधिक माहिती वाहून नेऊ शकत नाही. तीच क्षमता दोन स्टिकांत विभागून दोन चॅनेलांवर बसवली की ही वाट ५१.२ जीबी होते, आणि गेममधील चित्र अडखळण्याचे थांबते ते बहुधा याच कारणाने. ‘दुसरी स्टिक पुढच्या हंगामात’ म्हणणारा ग्राहक तोवर निम्म्या वाटेवरच खेळत राहतो. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असेल तर हा फरक पुष्कळ सौम्य होतो, हेही सांगितले पाहिजे.

डीडीआर५ ही रॅमची पिढी डीडीआर४हून नवी म्हणून तिच्यासाठी कर्ज काढू नये. रॅमच्या पेशीची रचना, जिचे पेटंट आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली मिळाले, तत्त्वतः अजून तीच आहे: एक ट्रान्झिस्टर, आणि विद्युत्भार गळत राहिल्यामुळे क्षणोक्षणी पुन्हा भरावा लागणारा एक कपॅसिटर. म्हणूनच ३२०० वेगाची, सीएल हा विलंबाचा आकडा १६ असलेली डीडीआर४ आणि ६००० वेगाची सीएल ३० डीडीआर५, दोहोंत मागितलेली माहिती हाती येऊ लागण्याचा अवधी हिशेबाने १० नॅनोसेकंदच निघतो; नवीचा लाभ आहे तो वाहतुकीच्या रुंदीत. रंगीत दिव्यांच्या स्टिकांविषयी मी काही लिहीत नाही. त्यांचा उजेड गेममध्ये पडत नाही.

वापरलेली डीडीआर४ घेणे हा सध्याचा शहाणपणाचा मार्ग, मात्र मदरबोर्ड तिचाच असावा, कारण दोन्ही पिढ्यांना पिना २८८च असल्या तरी खाच निराळ्या जागी आहे. पैसे मोजण्यापूर्वी विक्रेत्यासमोर मेमटेस्टची निदान एक पूर्ण फेरी चालवून घ्यावी, आणि घरी आणल्यावर बायॉसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सोय, चालू करावी. नाही तर ३२००च्या स्टिका २१३३ किंवा २४०० वेगानेच चालत राहतात, आणि मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही.