दोन वाणींची अभिनेत्री

सांगलीत १० सप्टेंबर १९४८ रोजी जन्मलेल्या आणि सुधा करमरकर यांच्या 'लिटल थिएटर'च्या बालनाट्यांतून रंगभूमीची मुळाक्षरे गिरवलेल्या भक्ती बर्वे यांच्या कारकिर्दीचा मागोवा घेऊ गेले की, 'ती फुलराणी' हे नाव इतक्या तातडीने पुढे होते की बाकीच्या भूमिकांना दाराबाहेर ताटकळत उभे राहावे लागते. रसिकांचा हा निवाडा खोटा म्हणवत नाही. अपुरा मात्र खचित आहे.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. दूरचित्रवाणी संच ही ज्या काळी आळीतल्या एखाद्याच घराची मिरास असे आणि बातम्यांच्या वेळी शेजारीपाजारी त्या घरी बिनदिक्कत हजर होत, त्या काळात मराठी बातम्या देणाऱ्या वृत्तनिवेदिकांत भक्तीबाई होत्या. उच्चार स्वच्छ, स्वर संयत, आणि बातमी कोणतीही असो, मुद्रेवर तिचा पक्षपात उमटता कामा नये, असा त्या आसनाचा दंडक. प्रमाण मराठीचा हा जणू सरकारी शिक्का ज्या कंठावर उमटला होता, त्याच कंठातून १९७५ साली, बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'चे पु. ल. देशपांडे यांनी केलेले 'ती फुलराणी' हे रूपांतर रंगमंचावर आले तेव्हा, फुले विकणाऱ्या मंजूची ठसकेबाज, अशिक्षित बोली अशी काही उसळली की, सतीश दुभाषींसारखा कसलेला नट समोर असतानाही प्रेक्षकांचे कान तिच्याकडेच लागत. तिला शुद्ध बोलायला शिकवणाऱ्या मास्तरावर दात-ओठ खात सुडाची स्वप्ने रंगवणारे तिचे स्वगत पुढे इतके लोकप्रिय झाले की, एकपात्री स्पर्धांच्या परीक्षकांच्या नशिबी ते कायमचे लिहिले गेले. त्या नकलांत आरडाओरडा पुष्कळ असतो. त्या संतापाच्या बुडाशी असलेला मंजूचा दुखावलेला स्वाभिमान क्वचितच ऐकू येतो.

कुंदन शाह यांच्या 'जाने भी दो यारो' या चित्रपटात (१९८३) त्यांनी शोभा सेन ही संपादिका रंगवली. एके काळी निर्विकारपणे वृत्ते सांगणाऱ्या बाईने वृत्तांचा सौदा करणारी धूर्त बाई इतक्या मिस्कीलपणे साकारावी, यातला विनोद मराठी प्रेक्षकांना अधिक कळला असावा. १९९० साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

माझ्या मते मात्र त्यांच्या अभिनयाची खरी कसोटी अजित दळवी यांच्या 'गांधी विरुद्ध गांधी' या नाटकातल्या कस्तुरबांनी पाहिली. राष्ट्राचा पिता होऊ घातलेला पती हरिलालचा पिता होण्यात उणा पडतो आहे, हे जिला दिसते, पण ज्या घरात तत्त्वाचे फर्मान अखेरचे त्या घरात जिच्या अर्जाची दाद लागत नाही, अशी ती बाई. मंजूला शब्दांचा धबधबा दिला होता. बांना त्याचा मज्जाव होता. प्रेक्षकांच्या स्मरणात मंजूच जिंकली, याचे नवल नाही.

पती, अभिनेते शफी इनामदार, १९९६ साली वारले. अखेरच्या काळातही 'पु. ल., फुलराणी आणि मी' या कार्यक्रमातून त्या मंजूला सोबत घेऊन हिंडत होत्या. १२ फेब्रुवारी २००१ रोजी वाईहून मुंबईस परतताना, द्रुतगती मार्गावर भाताण बोगद्यानजीक झालेल्या मोटार अपघातात, ५२ व्या वर्षी त्यांचा अंत झाला.