चाळीस गुंठ्यांत कॅनडा

कॅनडाचे क्षेत्रफळ 99.8 लाख चौरस किलोमीटर. नकाशाचे प्रमाण 1:50,000 धरले, तर जमिनीच्या एका चौरस किलोमीटरला चार चौरस सेंटिमीटर कागद लागतो. करा गुणाकार. सगळा देश सुमारे 3,990 चौरस मीटरांत, म्हणजे चाळीस गुंठ्यांना जरासा कमी! त्याच मापाने आपला महाराष्ट्र सव्वा गुंठाही भरत नाही.

हे एकरभर कागद पुरे व्हायला मात्र 2012 साल उजाडले. त्याच प्रमाणाच्या तेरा हजारांहून जास्त टोपोशीट (स्थलदर्शक नकाशे) झाल्या आणि सर्वांत शेवटी हाती आला तो उत्तरेचा मुलूख.

त्या उत्तरेतली एकच नदी घेऊ. साउथ नहानी, साडेपाचशे किलोमीटरहून लांब. नकाशावर ती अकरा मीटर भरते. तिच्या भोवतीचे राष्ट्रीय उद्यान 2009 मध्ये वाढवले, ते आता सुमारे 30,000 चौरस किलोमीटर आहे. कोल्हापूर, सांगली आणि सातारा एकत्र केले तरी त्याहून लहानच. कागदावर हे उद्यान बारा चौरस मीटरांत, एका खोलीत मावते. प्रत्यक्षात तिथे जायचे तर बहुतेकांना पाण्यावर उतरणारे विमानच गाठावे लागते.

रेखांशांची गंमत वेगळीच. ध्रुवाकडे जाताना ते जवळजवळ येतात. आपल्याकडची टोपोशीट 15 मिनिटे रुंद असते, महाराष्ट्रात सुमारे 26 किलोमीटर. नहानीच्या अक्षांशावर तेवढ्याच 15 मिनिटांत जेमतेम 13 किलोमीटर येतात. म्हणून तिथली शीट 30 मिनिटांची करतात, आणि रुंदी पुन्हा 26 किलोमीटरांवर येते.

या नकाशांसाठी जमिनीची उंची काढायची ती विमानातून. लागोपाठच्या दोन छायाचित्रांत निम्म्याहून जास्त भाग सामाईक ठेवायचा. मग ती जोडी त्रिमितीदर्शकाखाली धरली की डोंगर उठून दिसतात. कॅनडाच्या राष्ट्रीय संग्रहात अशी हवाई छायाचित्रे 60 लाखांहून अधिक आहेत.

नहानी नदीवरचा व्हर्जिनिया धबधबा 96 मीटरांचा, नायगाराच्या जवळजवळ दुप्पट. तिथल्या मूळ रहिवासी डेने लोकांना तो पिढ्यान् पिढ्या ठाऊक होता. फेन्ली हंटर नावाच्या प्रवाशाने 1928 मध्ये तो मोजला आणि आपल्या मुलीचे नाव देऊन टाकले. समोच्च रेषा दर 40 मीटरला ओढली, तर या धबधब्याच्या वाट्याला दोन, फार तर तीन रेषा येतात. खालच्या दरीच्या हजार मीटर उंच कड्यांना पंचवीस.