कांद्यावरचं निर्यात शुल्क : कोणता दर, कोणत्या दिवशीचा?

१९ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. यासाठी आधी संसदेत जावं लागत नाही, अधिसूचना पुरते.

निर्यातदाराला खरा फटका बसतो तो तारखेच्या नियमाचा. शिपिंग बिल कधी भरलं, सौदा कधी ठरला, याला महत्त्व नाही. सीमाशुल्क अधिकारी माल जहाजावर चढवायची परवानगी देतो, त्या दिवशीचा दर लागतो. म्हणजे कंटेनर लासलगावहून न्हावा-शेव्याच्या वाटेवर असताना दर वाढला, तर वाढीव पैसे भरावेच लागतात. परदेशातला ग्राहक ते सहसा देत नाही. मग पुढच्या लिलावात भाव पडतो.

सूट देण्याचा अधिकार सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम २५ मध्ये आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये कर्नाटकातल्या ‘बंगळुरू रोझ’ कांद्याला शुल्कमाफी मिळाली. अट होती तिथल्या फलोत्पादन आयुक्तांच्या दाखल्याची. नाशिकच्या कांद्याला मात्र माफी नव्हती, आणि इथल्या शेतकऱ्यांचा राग रास्तच होता.

डिसेंबर २०२३ मध्ये थेट निर्यातबंदी आली. मे २०२४ मध्ये ती उठली, पण ४० टक्के शुल्क होतंच. सप्टेंबर २०२४ मध्ये ते २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून रद्द झालं.