काष्ठकारांच्या मेळाची पूर्वपीठिका

श्रेणी : एकाच व्यवसायाच्या कारागिरांचा संघ. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत वेळूकाम व कांस्यकाम करणाऱ्यांच्या श्रेणी उल्लेखिलेल्या आहेत. सुताराचे नाव मात्र कार्ल्याच्या लेखात सापडते, जेथे धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराने द्वार घडविल्याची नोंद आहे.

फासळ्या : कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छतास मूळच्या लाकडी फासळ्या, म्हणजे कमानी, अद्याप शाबूत असून, लेण्याद्रीच्या ६ क्रमांकाच्या लेण्यात त्याच लाकडी घडणीचे अनुकरण खडकात कोरलेले आहे.

बलुते : बारा बलुतेदारांत सुतार थोरल्या कासेचा (पहिल्या वर्गाचा) असे; नांगर, कुळव, पाभर घडवून व दुरुस्त करून मोबदला खळ्यावर धान्यरूपाने मिळे.

लाकूड : चिवट बाभूळ औतांस व चाकांस, वाळवीस सहसा दाद न देणारा साग तुळयांस.

हत्यारे : वाकस, पटाशी, रंधा, गुण्या.